काउंटरवर राहिलेला कागद

बंगळुरात गांधीबझारच्या मागच्या गल्लीत आमचं मेडिकल आहे. दुकान माझ्या थोरल्या भावाचं, आम्ही त्याला अण्णा म्हणतो. भिंतीवर टांगलेलं फार्मसीचं सर्टिफिकेट माझं. गेली सव्वीस वर्षं मी त्या सर्टिफिकेटखाली उभी आहे. बसवनगुडीतल्या आमच्या मराठी घरांत कुणाला मूळव्याध आहे, कुणाला झोप येत नाही, कोण बायकोपासून लपवून कसली गोळी खातो, हे त्यांच्या देव्हाऱ्यातल्या देवाआधी मला कळतं. मी गोळ्या वर्तमानपत्रात गुंडाळते, रबर लावते आणि देते. श्यामलक्का तोंडाने फटकळ, पण पोटातलं ओठावर येऊ देत नाही, असं माझं नाव आहे. कस्तुरीचं मात्र मी सांगणार आहे, नावंगावं बदलून. त्यात माझाही वाटा आहे आणि तो मला अजून पचलेला नाही.

कस्तुरी धारवाडची. बी.एस्सी., मायक्रोबायॉलॉजी, पहिला वर्ग. आठ वर्षांपूर्वी दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या वसुमतीअक्कांच्या घरात सून होऊन आली. वसुमतीअक्कांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता एक मुलगा हर्ष, विमा कंपनीच्या ऑफिसात. घराणं आमच्यासारखंच, शहाजीराजांबरोबर बंगळुराला आलो म्हणून सांगणारं. चारशे वर्षांत आम्ही बोलण्यात कन्नड घेतलं, ताटात सारू घेतलं, अक्का-अण्णा घेतलं, सासूला अत्ते म्हणायला लागलो. बायकांना वागवायची रीत तेवढी जशी आणली तशी जपली.

त्या घरात मडी फार कडक. मडी म्हणजे सोवळं. महिन्याचे तीन दिवस सुनेने मागच्या खोलीत वेगळ्या चटईवर बसायचं, वेगळ्या ताटात जेवायचं, कुणाला शिवायचं नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी कन्नड कॅलेंडर टांगलेलं असतं. कस्तुरी दूर बसली की वसुमतीअक्का त्या तारखेवर पेनने फुली मारतात आणि अठ्ठावीस दिवस मोजून पुढच्या तारखेवर बारीक ठिपका देतात. सत्यनारायण कधी, गुरूंच्या आराधनेचा स्वयंपाक कुणी करायचा, पाहुण्यांना कधी बोलवायचं, हे सगळं त्या ठिपक्यावरून ठरतं. जुनी कॅलेंडरं त्या टाकत नाहीत. गुंडाळून कपाटावर ठेवलेली असतात, आठ वर्षांची आठ. म्हणजे या पोरीची पाळी ही घरातली सार्वजनिक गोष्ट होती, दूधवाल्याच्या खाड्यांइतकी.

ठिपका एखाद्या सणावर पडला, की वसुमतीअक्का माझ्याकडे यायच्या. "श्यामला, त्या पुढे ढकलायच्या गोळ्या दे गं, पाच दिवसांच्या." मी द्यायची. कस्तुरी घ्यायची. तिला मळमळायचं, पाय सुजायचे, मग आली की दुप्पट जायचं. त्याबद्दल कधी कुणाला अपराधी वाटलेलं मी पाहिलं नाही. देवासाठी पाळी ढकलायची गोळी सोवळ्यात बसते. बाईने स्वतःसाठी घेतलेली गोळी म्हणजे पाप.

लग्नानंतर तीन वर्षांनी विद्या झाली. ती मुलगी निघाल्यापासून दुसऱ्याची वाट बघणं सुरू होतं. कस्तुरी मात्र वेगळ्याच गोष्टीची वाट बघत होती. विद्या शाळेत जायला लागली तशी तिने नोकरीसाठी अर्ज करायला सुरुवात केली, आणि अर्ज केले ते त्या तीन दिवसांतच. मागच्या खोलीत तिला कुणी काम सांगत नसे, कुणी डोकावत नसे. ती चटईवर लॅपटॉप घेऊन बसायची. "अक्का, दूर बसण्याचा एवढा उपयोग कुणी केला नसेल," असं ती मला एकदा म्हणाली होती. तेव्हा ती हसायची.

मागच्या वर्षी मेट्रोची पिवळी लाइन सुरू झाली आणि बोम्मसंद्रा एकदम जवळ आलं. तिथल्या एका औषधाच्या कारखान्यात, तपासणीच्या लॅबमध्ये तिला जागा मिळाली. पंधरा डिसेंबरला रुजू व्हायचं. घरात महिनाभर धुसफूस झाली. शेवटी हर्ष म्हणाला, "सरी, ठीक आहे, सहा महिने बघू." ते पत्र तिने छापून आणलं आणि मला दाखवायला दुकानात आली. लॅमिनेट करून घेऊ का, असं विचारत होती. मी म्हटलं, "नोकरीचं पत्र आहे, लायसन्स नाही." पण तिचा चेहरा बघून मलाही बरं वाटलं होतं.

चौदा नोव्हेंबरला सकाळी ती पुन्हा आली, विद्याला शाळेत सोडून. दुकानात कुणी नव्हतं. अण्णा कॉफी प्यायला गेला होता.

"श्यामलक्का, ती बहात्तर तासांतली गोळी आहे ना?"

"कधी झालं?"

"काल."

"हर्षला सांगता येत नाही का?"

"सांगितलं. तो म्हणतो, श्यामलक्काच्या दुकानात जाऊन ते पाकीट मी कसं मागू. आणि म्हणतो, एका दिवसाने काय होतंय."

चौतीस वर्षांचा बाप्या. एका मुलीचा बाप. माझ्यासमोर पाकीट मागायची त्याला लाज, आणि त्या लाजेचं निस्तरायला बायकोने यायचं माझ्यासमोरच. मी गोळी काढून दिली. तिने तिथेच खोकं फोडलं, माझ्या बाटलीतलं पाणी घेतलं आणि गिळली. खोकं, त्यातला घडी घातलेला कागद आणि रिकामी पट्टी तिने माझ्याकडे सरकवली.

"हे घरी नको. अत्ते पिशवी बघतात. फोनवरून मागवलं असतं तर दहा मिनिटांत आलं असतं, पण दार अत्तेच उघडतात."

मी म्हटलं, "दोन-तीन तासांत उलटी झाली तर परत ये, दुसरी घ्यावी लागेल." आणखी सांगणार होते, एवढ्यात भीमाचार्य पायरी चढून आले, साखरेच्या गोळ्या घ्यायला. ते वसुमतीअक्कांच्या घरचे पुरोहित. कस्तुरीने पदराने तोंड पुसलं, "विद्याला खोकला आहे, औषध घ्यायला आले," असं त्यांनी न विचारताच सांगितलं आणि निघून गेली. मी खोकं आणि कागद काउंटरखालच्या डब्यात टाकले.

त्या कागदावर काय असतं ते मला पाठ आहे. पुढची पाळी आठवडाभर लवकर किंवा आठवडाभर उशिरा येऊ शकते, कधी त्याहूनही थोडी पुढे जाते. मध्येच डाग दिसू शकतात. आठवड्यावर उशीर झाला तर चाचणी करा. तीन ओळींचं काम. एरवी मी ते हटकून सांगते. पुण्या-मुंबईकडच्या आयटीतल्या मुली येतात, भर गर्दीत मोठ्याने मागतात, त्यांनासुद्धा थांबवून सांगते. त्या दिवशी सांगितलं नाही. भीमाचार्य उभे होते, आणि सव्वीस वर्षं या धंद्यात काढूनही आचार्यांसमोर 'पाळी' हा शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही. मी हर्षला काय नावं ठेवायची?

ठिपका तीस नोव्हेंबरवर होता. आठ डिसेंबरला वसुमतीअक्कांच्या यजमानांचं श्राद्ध. यंदा ढकलायची गोळी लागणार नाही म्हणून अक्का खूश होत्या. तीसला येईल, तीन दिवस बसेल, आठला मडीने स्वयंपाक करेल, असा त्यांचा हिशोब.

तीस तारीख गेली. एक गेली, दोन गेली. चार डिसेंबरला वसुमतीअक्का दुकानात आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. काउंटरवर वाकून हळूच म्हणाल्या, "त्या फॉलिकच्या गोळ्या म्हणतात ना, त्या दे. कुणाला बोलू नकोस. कस्तुरीला चार दिवस वर झालेत. विद्याची वेळ आणि त्या ढकलायच्या गोळ्या सोडल्या, तर आठ वर्षांत एक दिवस कधी चुकली नाही."

माझ्या लगेच लक्षात आलं, त्या गोळीनेच लांबलीय. गोळ्या दिल्या. त्या गेल्यावर कस्तुरीला फोन करावा असं मनात आलं, पण अण्णा समोर बसला होता आणि फोन राहिला. संध्याकाळी करू म्हटलं, संध्याकाळीही राहिला.

सहा तारखेला कस्तुरीच आली. चेहरा पांढरा पडलेला. काउंटरचं फळकूट उचलून सरळ आत आली आणि म्हणाली, "अक्का, गोळी फुकट गेली."

मी तिला मागच्या बाजूला खोक्यावर बसवलं आणि मग सगळं सांगितलं, जे बावीस दिवसांपूर्वी सांगायचं होतं. ती गोळी बीज बाहेर पडणं लांबवते. तू महिन्याच्या मध्यावर घेतलीस. बीज लांबलं की पाळीही लांबते. कुणाची आधीच येते, कुणाची अशी उशिरा. शरीर बिघडत नाही, पुढे बहुधा पूर्ववत होतं. ती ऐकत होती आणि माझ्याकडे बघत होती. "हे तुम्हाला माहीत होतं?" एवढंच तिने विचारलं. मी तिच्या हातात चाचणीची पट्टी दिली. आमच्या मागच्या बाथरूममध्ये जाऊन ती पाच मिनिटांनी बाहेर आली. एकच रेघ होती. त्या रात्रीला तीन आठवडे उलटून गेले होते, म्हणजे चाचणीत शंका नव्हती. दिवस गेलेले नव्हते.

ती हसली. मग पुन्हा खोक्यावर बसली.

"आता घरी काय सांगू? अत्तेंनी माझ्या आईला धारवाडला फोन केलाय."

"सांग, चाचणी केली, काही नाही."

"मग लांबली का, म्हणतील. त्यांच्याकडे आठ कॅलेंडरं आहेत अक्का."

"टेन्शनने लांबते, सांग. खरंच लांबते."

"कसलं टेन्शन? नोकरीचं. मग नोकरी नको."

मग तीच म्हणाली, "आली म्हणून खोटंच सांगते आणि जाऊन बसते." पण लगेच तिला आठवलं, परवा श्राद्ध. ती बसली तर मडीने स्वयंपाक करायला घरात कुणी नाही. अक्कांचे गुडघे गेलेले. नवऱ्याच्या श्राद्धालाच सून दूर बसली हे त्या मरेपर्यंत विसरणार नाहीत. शेवटी तिने ठरवलं: आठ तारीख निभवायची, नऊला आली म्हणून बसायचं, बाराला उठायचं, पंधराला बोम्मसंद्र्याची मेट्रो धरायची. बोटांवर तिने दिवस मोजले. बसत होते. जाताना तिने पट्टी माझ्याच डब्यात टाकली.

श्राद्धाच्या दिवशी मला जेवायला बोलावणं होतं. ब्राह्मण उठले, मग घरची पुरुषमंडळी, मग आम्ही बायका बसलो. कस्तुरी ओल्या साडीत पहाटेपासून चुलीशी होती. वडे, सारू, खीर, चार भाज्या, सगळं तिच्या हातचं. बाहेरच्या खोलीत विडा घेत भीमाचार्य मोठ्याने सांगत होते, "वसुमतीबाई, इतका शुद्ध स्वयंपाक हल्ली मिळत नाही. सून मडीची आहे. पितर तृप्त होऊन गेले." वसुमतीअक्का डोळे पुसत होत्या.

कस्तुरी मला खीर वाढायला वाकली. वरून, न शिवता वाढतात तशी. आणि तेवढ्यात हळूच म्हणाली, "अक्का, सकाळी सातलाच आलीय."

माझा हात पानावर थांबला. तिने मात्र पळी तशीच पुढच्या पानाकडे नेली. सातपासून ही पोर कंबरेच्या कळा सोसत चार माणसांचं काम करत उभी होती, आणि तिकडे पितर तृप्त होत होते. मी खीर खाल्ली. चांगली झाली होती. मला खरं तर आनंद झाला. म्हटलं, सुटली. आता खोटंही बोलावं लागणार नाही.

पुढचं तिने मला चौथ्या दिवशी येऊन सांगितलं. चार वाजता सगळे गेल्यावर तिने सासूला सांगितलं, आत्ता बसले. वसुमतीअक्का आधी म्हणाल्या, दृष्ट लागली. मग म्हणाल्या, पहाटेपासून ओलेत्याने कामं केलीस म्हणून गेलं असेल. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं आणि कस्तुरीला एक क्षण त्यांची दया आली. तेवढ्यात हर्ष म्हणाला, "मी तर कंपनीला लिहून टाकलं."

पाच तारखेलाच लिहिलं होतं. घरातला लॅपटॉप एकच, तिचा मेल त्यात उघडाच असायचा. तिच्या नावाने त्याने दोन ओळी लिहिल्या होत्या: घरगुती कारणांमुळे मी रुजू होऊ शकत नाही, क्षमस्व. पोटुशी बाईने केमिकलच्या वासात कशी नोकरी करायची, असं मायलेकांचं बोलणं झालं होतं. तिला विचारायचं काय, तिला सांगायचंही कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. नंतर सांगणार होतो, श्राद्धाची गडबड होती, असं तो म्हणाला.

तिने मागच्या खोलीतून, चटईवर बसून कंपनीला फोन केला. तिकडची बाई बोलायला चांगली होती. म्हणाली, आदल्याच दिवशी दुसऱ्या उमेदवाराला पत्र गेलं. पुढे जागा निघाली तर कळवू.

हे सगळं सांगून झाल्यावर कस्तुरी म्हणाली, "श्यामलक्का, लांबणार हे मला त्या दिवशी कळलं असतं, तर तीस तारखेलाच मी आली म्हणून बसले असते. कुणी येऊन बघणार होतं? तीन दिवस नुसतं चटईवर बसायचं होतं."

आवाज चढवला नाही, रडली नाही. तिने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तीन ओळींचा कागद. तिच्या पिशवीत तो मावत नव्हता, माझ्या तोंडात तो अडकला, आणि त्यापायी तिची नोकरी गेली. हर्षने घालवली हे खरंच, पण त्याला संधी मी दिली.

"आता काय करू शकते मी?" मी विचारलं.

"एक कायमची व्यवस्था करायची आहे," ती म्हणाली.

मी तिला सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी रक्तदाब बघितला, चार प्रश्न विचारले आणि रोजच्या गोळ्या लिहून दिल्या. ते पाकीट माझ्या काउंटरच्या दुसऱ्या ड्रॉवरमध्ये असतं. विद्याला शाळेत सोडून येताना कस्तुरी थांबते, एक गोळी घेते, माझ्या बाटलीतलं पाणी पिते आणि जाते. रविवारी कोथिंबीर आणायला म्हणून येते. शाळेच्या सुट्टीत ती देवळात जाते, वाटेत माझं दुकान आहेच. दूर बसायच्या दिवसांच्या मी आधीच पुडीत बांधून देते. पहिल्या पाकिटाच्या वेळी मी तिला कागद उघडून प्रत्येक ओळ वाचायला लावली. हल्ली सगळ्यांनाच लावते. भीमाचार्य उभे असले तरी लावते.

नोकरीचं ती आता बोलत नाही. बोम्मसंद्र्याहून पुन्हा काही कळवणं आलं नाही. मागच्या खोलीत लॅपटॉप नेत नाही, तीन दिवस भिंतीकडे तोंड करून झोपते, असं वसुमतीअक्काच मला सांगत होत्या. या गोळ्यांनी पाळी मात्र अठ्ठाविसाव्या दिवसाला पक्की झाली. ठिपका आणि फुली आता एकाच चौकटीत पडतात.

परवा हर्ष दुकानात आला. पहिल्यांदाच एकटा. दुकान रिकामं होईपर्यंत बाहेर फोन बघत उभा राहिला, मग आत आला आणि काउंटरवर बोटं वाजवत म्हणाला, "श्यामलक्का, स्वल्प विचारायचं होतं. आईने सहा महिन्यांचं कॅलेंडर दाखवलं. कस्तुरीचं सगळं अगदी वेळेवर आहे, एक दिवस इकडे-तिकडे नाही. कोणते दिवस चांगले तेसुद्धा आईने खुणा करून दिलेत. तरी राहत का नाही? तिच्यासाठी काही औषध असेल तर द्या."

बायकोसाठी गोळी मागायला त्याला आज लाज वाटत नव्हती.

त्याच्या पोटाच्या उंचीवर, लाकडापलीकडे तो ड्रॉवर होता. सकाळी घाईत मी तो नीट लावला नव्हता, बोटभर उघडा राहिला होता. आतल्या पट्टीवर आजची खाच रिकामी होती. मी मागच्या फळीवरून एक टॉनिकची बाटली काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली, रबर लावला.

"रोज दोन चमचे," मी म्हटलं. "जेवणानंतर. तू घे."

"मी?"

"तूच. तिचं सगळं वेळेवर आहे म्हणतोस ना."

त्याने बाटली घेतली, पिशवीत खोल खाली सरकवली आणि बाहेर कुणी ओळखीचं आहे का बघून पायरी उतरला. मी गुडघ्याने ड्रॉवर लोटला.